टेबलावर इसीएम बोलत नसेल तर आधी अँपिअर बघा, झाकण नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिझेल गाडीच्या इसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरमध्ये, पाणी गेलंय, अजून चालतोय पण भरवसा नाही. त्याच पार्ट नंबरचा एक जुना इसीएम मिळालाय, दोन्ही टेबलावर ठेवून एकातला सगळा डेटा दुसऱ्यात टाकायचाय. बॅटरीचा प्लस दिला, चावीचा प्लस दिला, अर्थ दिला, कॅनच्या (गाडीतली मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या बसच्या) दोन वायरी टूलला (इसीएमची मेमरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राला) लावल्या आणि टूल म्हणतंय कम्युनिकेशन नाही. पॉवर सप्लायवर करंट दिसतोय ०.०५ अँपिअर. तर आता झाकण उघडून बूट मोडला, म्हणजे बोर्डावर थेट वायर टेकवून वाचायला, जाऊ का?

नका उघडू. तुम्ही लिहिलेल्या त्या ०.०५ मध्येच उत्तर आहे. तुमचा इसीएम जागाच झालेला नाही, आणि झोपलेल्याला कुठलंही टूल लावलं तरी तो बोलणार नाही.

माझी वीसेक वर्षं या कामात गेली, त्यातून एक गोष्ट पक्की सांगतो, टेबलावर जे इसीएम "डेड" म्हणून येतात त्यातले बरेचसे डेड नसतात, त्यांना सप्लाय अर्धवट मिळालेला असतो. माणूस टूल बदलतो, केबल बदलतो, ड्रायव्हर परत टाकतो, शेवटी झाकण उघडतो आणि तिथे खरंच बोर्ड खराब करून ठेवतो. म्हणून सप्लायपासून सुरू करतो, थोडं लांबेल, पण सगळं काम तिथेच आहे.

इसीएमला प्लस तीन प्रकारचे लागतात, दोन नाही. वायरिंग डायग्रामवर ३०, १५, ३१, ८७ असे आकडे दिसतात ना, ती जुनी जर्मन डिन ७२५५२ ची नावं आहेत, युरोपियन डायग्राममध्ये सर्रास असतात आणि रिलेच्या पायांवर तर सगळीकडेच. ३० म्हणजे बॅटरीवरून कायम येणारा प्लस. १५ म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा. ३१ अर्थ. आणि ८७ म्हणजे मेन रिलेमधून येणारा प्लस, बहुतेक जण विसरतात तो हा. गाडीत काय होतं ते बघा: चावी ऑन केली की १५ वर व्होल्टेज येतो, इसीएमचा एक छोटासा भाग तेवढ्यावर जागा होतो आणि तो आपल्या एका पिनवरून मेन रिलेच्या कॉइलला अर्थ देतो. रिले ओढला जातो, आणि मग ८७ वरून जाड वायरींनी खरा सप्लाय इसीएमच्या दोन-तीन पिनांवर येतो. प्रोसेसर, सेन्सरचा ५ व्होल्ट, इंजेक्टरचे ड्रायव्हर हे सगळं त्या सप्लायवर चालतं. तुम्ही ३० आणि १५ दिलाय, इसीएम रिलेला हाक मारतोय आणि टेबलावर रिलेच नाहीये. तुमचा ०.०५ म्हणजे तेवढाच छोटा भाग जागा आहे. एकट्या रिलेची कॉइलच ०.१५ च्या आसपास घेते, त्यावरून अंदाज करा. पूर्ण जागा झालेला डिझेलचा इसीएम, कुठलाही सेन्सर-इंजेक्टर न लावता, माझ्या टेबलावर साधारण ०.३ ते ०.८ च्या दरम्यान दिसतो. मॉडेलप्रमाणे फरक पडतो पण ०.०५ नक्कीच नाही.

सगळ्याच इसीएमला असं असतं असं नाही, काहींमध्ये कायमचा प्लस आणि चावी एवढ्यावर भागतं, काहींमध्ये रिले गाडीच्या फ्यूजबॉक्समधलं दुसरं मॉड्यूल ओढतं. पण तुमच्या आकड्यावरून तुमचा रिलेवालाच वाटतोय.

आता हे दोन तऱ्हेने करता येतं. बरेच जण ८७ च्या पिना सरळ प्लसला जोडून टाकतात, रिलेची भानगडच नको. चालतं ते, आयडी वाचण्यापुरतं किंवा घाईच्या कामाला मीही करतो. पण क्लोनिंगचं, म्हणजे एका इसीएमची हुबेहूब नक्कल दुसऱ्यात टाकायचं, काम असेल तर मी टेबलावर खराखुरा रिले लावतो, साधा चार पायांचा, ३० वर प्लस, ८७ वरून इसीएमच्या मेन पिना, ८६ वर प्लस आणि ८५ इसीएमच्या रिले कंट्रोल पिनला. (रिलेच्या आत डायोड असेल तर ८५-८६ उलटं लावू नका, रेझिस्टरवाला घेतला तर ती काळजी नाही.) एवढा खटाटोप कशासाठी? तर चावी बंद केल्यावर इसीएम लगेच झोपत नाही. तो रिले स्वतः धरून ठेवतो आणि तेवढ्या वेळात शिकलेल्या व्हॅल्यू, फॉल्ट कोड, इमोबिलायझरचं (चावी ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचं) काहीबाही ईप्रॉममध्ये (सप्लाय गेला तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून मग रिले सोडतो. टेबलावर १५ ची वायर काढा आणि कान देऊन ऐका. पाच सेकंद, दहा सेकंद, काहींना त्याहून जास्त, मग "टक". तो आवाज आला की समजायचं लिहून झालं, आता सप्लाय काढा. त्याच वेळी अँपिअरचा आकडाही खाली येतो, ०.४५ वरून एकदम ०.०१ वगैरे. मला हा टक आवाज टूलच्या हिरव्या टिकमार्कपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण प्रोसेसर चालतोय, त्याचं सॉफ्टवेअर नीट धावतंय, शेवटपर्यंत जाऊन स्वतः बंद होतंय, एवढं सगळं तो एक रिले सांगतो. थेट जोडलेल्या सप्लायमध्ये यातलं काहीच कळत नाही, आणि माणूस मधेच मेन स्विच बंद करून टाकतो तेव्हा नेमकं ईप्रॉमचं लिखाण अर्धवट राहायची शक्यता असते.

८७ दिल्यावर पहिली तपासणी टूलने नाही, मल्टीमीटरने करायची. सेन्सरला जाणारा ५ व्होल्टचा कुठलाही पिन घ्या, डिझेलमध्ये रेल प्रेशर सेन्सर किंवा अॅक्सिलरेटर पेडलचा सोपा पडतो, आणि अर्थच्या मानाने मोजा. ४.९ ते ५.१ च्या आत आलं तर आतला रेग्युलेटर चालू आहे. शून्य आलं तर अजून सप्लाय पूर्ण नाही किंवा पिन चुकलाय. २-३ व्होल्ट असं लोंबकळत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमच्या पाणी गेलेल्या इसीएममध्ये हे होऊ शकतं, तेव्हा थांबायचं.

पिन चुकणं हा दुसरा मोठा विषय आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे चूक झाली तर इसीएम जळतो. पिनआउटचं चित्र दोन बाजूंनी काढलेलं असू शकतं. एक म्हणजे इसीएमच्या तोंडाकडे बघून, जिथे पिना दिसतात. दुसरं म्हणजे हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) कपलरच्या मागून, जिथे वायरी शिरतात. ही दोन चित्रं नेमकी सारखीच दिसतात, पण चित्र कपलरच्या तोंडाकडून काढलेलं असेल तर ते तुमच्यासमोरच्या इसीएमची आरशातली प्रतिमा असतं. चित्र कुठल्या बाजूचं आहे हे न बघता पिन मोजल्या की पहिल्या ओळीचा डावा पिन उजवा होतो आणि मग प्लस जिथे अर्थ असायला हवा तिथे जातो. कपलरच्या प्लास्टिकवर ओळीच्या दोन्ही टोकांना बारीक आकडे कोरलेले असतात, टॉर्च मारून, भिंग लावून ते वाचा आणि तिथून मोजा. आकडा प्लास्टिकवर आहे तोच खरा, चित्र नंतर.

त्याच्यावर अजून एक पडताळणी आहे, फुकटची आहे आणि मी ती एकदाही सोडत नाही. सप्लाय लावायच्या आधी मल्टीमीटर बीपवर ठेवा. इसीएमला अर्थचे पिन एकापेक्षा जास्त असतात आणि ते आत एकमेकांना जोडलेले असतात. तुमच्या चित्राप्रमाणे जे दोन-तीन पिन अर्थ आहेत ते एकमेकांत बीप देतात का बघा. तसंच ८७ चे पिन एकमेकांत. दोन्ही गट बीप देत असतील आणि अर्थ ते ८७ बीप देत नसेल तर चित्र बरोबर वाचलंय असं धरायला हरकत नाही. अॅल्युमिनियमच्या खोक्यावर अर्थ मोजू नका, कितीतरी इसीएममध्ये खोकं आणि बोर्डाचा अर्थ थेट जोडलेला नसतो, त्यामुळे बीप आलं नाही म्हणून गोंधळायला होतं.

मी इथे तुमच्या इसीएमचे पिन नंबर मुद्दामच देत नाहीये. ईडीसी१७ (बॉशची डिझेल इसीएमची मालिका) म्हटलं की एकच वस्तू डोळ्यासमोर येते पण त्या एका नावाखाली ढीगभर हार्डवेअर आहेत, आणि गाडी कंपनीप्रमाणे कपलर आणि पिनआउट वेगळे. नुसत्या नावावर कुणी पिन नंबर सांगितले तर घेऊ नका. लेबलवरचा हार्डवेअर नंबर बघा, बॉशचा असेल तर डिझेलचा ०२८१ ने सुरू होतो आणि पेट्रोलचा ०२६१ ने, त्या पूर्ण नंबराचा पिनआउट शोधा किंवा गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून काढा. दोन ठिकाणांहून मिळालेला पिनआउट जुळला तरच वायर लावा.

वायर लावायला सुया, टाचण्या, केबलचे उघडे तुकडे नकोत. इसीएमच्या बाजूला बारीक पिना उभ्या असतात, त्या वाकतात आणि शेजारच्याला टेकतात. भंगारातला त्याच मापाचा कपलर मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यातल्या लागणाऱ्या आठ-दहा वायरी ठेवा, बाकी कापून श्रिंक स्लीव्ह घाला. नाही मिळाला तर मापातले मादी टर्मिनल क्रिंप करा, प्रत्येकावर स्लीव्ह चढवा, अगदी मुळापर्यंत. ८७ आणि अर्थची वायर ०.७५ किंवा १ चौरस मिमीची घ्या, लांबी अर्धा-एक मीटर पुरे. प्लसला ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज टाका, तो नसताना काम सुरूच करू नका.

पॉवर सप्लाय बेंचचा घ्या, करंट लिमिटवाला. १३ ते १३.५ व्होल्ट ठेवा. ट्रकचा इसीएम असेल तर २४ ची सिस्टीम आहे का ते आधी बघा. लिमिट पहिल्या वेळेला १ अँपिअरवर ठेवायची, म्हणजे काही चुकलं असेल तर व्होल्टेज खाली बसेल आणि इसीएम वाचेल, सगळं नीट दिसलं की २-३ अँपिअरवर न्यायची कारण लिहिताना मधेच जास्त मागणी आली आणि लिमिटला धडकली तर इसीएम रीसेट होतो. हे दोन्ही टप्पे महत्त्वाचे आहेत, पहिला जितका तितकाच दुसरा. बॅटरी चार्जर वापरू नका, त्याचा व्होल्टेज स्वच्छ नसतो.

आणि क्लिप. सुरुवातीच्या काळात मी मगरीच्या क्लिपांनी काम करायचो. एक डिझेलचा इसीएम होता, फाइल चढत होती, निम्म्याच्या थोडी पुढे गेली असेल, मी बाजूचा स्क्रूड्रायव्हर घ्यायला हात नेला आणि कोपर अर्थच्या वायरीला लागून क्लिप निघाली. अँपिअर शून्य. परत लावली तर इसीएम ०.४ घेत होता पण त्याचं स्वतःचं नाव, नंबर काहीच सांगेना, टूलला फक्त बूटलोडरचं (इसीएम सुरू करणाऱ्या छोट्या मूळ प्रोग्रॅमचं) उत्तर येत होतं. फ्लॅश मेमरीत लिहायच्या आधी तो भाग पुसावा लागतो, पुसलेली जागा बहुतेक मेमरीत सगळी एफएफ (हेक्समधला सगळ्यात मोठा बाइट) होते, मग नवीन डेटा भरला जातो. मी नेमका मधेच होतो, जुनं गेलेलं आणि नवीन अर्धं. बूटलोडरचा भाग वेगळा असतो आणि तो पुसला गेला नव्हता, शिवाय मी लिहायच्या आधी पूर्ण डम्प, म्हणजे मेमरीची प्रत, वाचून ठेवला होता, म्हणून तो त्याच संध्याकाळी परत उभा राहिला. ज्यांची गाडी होती त्यांना मी झालेलं सगळं सांगितलं आणि फाइल परत चढवून, पडताळून मगच इसीएम दिला. तेव्हापासून माझ्या टेबलावर स्क्रूने आवळायचे टर्मिनल आहेत, वायरिंग टेबलाला पट्टीने बांधलेलं आहे आणि लिहिणं चालू असताना मी हात मांडीवर ठेवतो.

आता कॅन. इसीएमचे दोन पिन, कॅन हाय आणि कॅन लो. सप्लाय पूर्ण बंद करून या दोघांमध्ये ओहम मोजा. काही इसीएमच्या आतच १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर असतो, काहींमध्ये नसतो. बसला दोन टोकांना १२०-१२० हवेत, म्हणजे टूलसकट सगळं जोडल्यावर मीटरवर ६० च्या आसपास दिसायला पाहिजे. १२० दिसलं तर एकच आहे, दुसरा बाहेरून लावा, पाव वॉटचा साधा रेझिस्टर पुरतो. ४० दिसलं तर तीन झालेत, एक काढा. अर्ध्या मीटरच्या केबलवर एका रेझिस्टरनेही काम होऊन जातं खरं, पण आयडी वाचून होते आणि मोठी फाइल घेताना मधेच एरर येते, मग माणूस टूलला दोष देत बसतो. दोन्ही वायरी एकमेकींभोवती पीळ घालून घ्या.

सप्लाय चालू केल्यावर दोन्ही कॅन वायरी अर्थच्या मानाने मोजा. बस शांत असेल तर दोन्हीवर २.५ च्या जवळ. इसीएम काहीतरी पाठवत असेल तर हाय जरा वर, २.६-२.७, आणि लो जरा खाली. कारण संदेश जाताना हाय ३.५ ला आणि लो १.५ ला जातो, मल्टीमीटर त्याची सरासरी दाखवतो. एक वायर शून्यावर किंवा १२ वर दिसली तर तो कॅनचा पिनच नाही. दोन्ही उलट लागल्या असतील तर काही जळत नाही, फक्त बोलणं होत नाही, अदलाबदल करून बघा. आणि एका इसीएमला दोन-दोन कॅन असू शकतात, एक गाडीच्या बाकी मॉड्यूलसाठी, दुसरा फक्त एखाद्या सेन्सर-मॉड्यूलसाठी, म्हणजे व्होल्टेज बरोबर दिसूनही चुकीच्या बसवर बसलेलो असू शकतो.

अजून एक गोष्ट जी सारखी राहून जाते: टूलचा अर्थ आणि इसीएमचा अर्थ एकच पाहिजे. टूल यूएसबीवर चालतंय, इसीएम बेंच सप्लायवर, आणि मधे फक्त कॅनच्या दोन वायरी. याला अर्थाचा सामाईक संदर्भच नाही. ओबीडी सॉकेट (गाडीतलं तपासणीचं सॉकेट) टेबलावर केलं असेल तर ४ आणि ५ दोन्ही पिन अर्थला, १६ प्लसला, ६ कॅन हाय, १४ कॅन लो, जुन्या के लाइनवाल्यांना (एकाच वायरीवर बोलणाऱ्यांना) ७. जुन्या इसीएममध्ये कॅन असूनही डायग्नोसिस के लाइनवरच असायचं हेही ध्यानात ठेवा. लॅपटॉप लिहिताना त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर, स्लीप बंद, अपडेट बंद, यूएसबी हब नको.

हे झालं की इसीएम बोलेल. फॉल्ट कोड वाचलेत तर तीस-चाळीस दिसतील, प्रत्येक सेन्सर ओपन, इमोबिलायझरचाही एक. घाबरू नका, टेबलावर एकही सेन्सर नाहीये तर तो दुसरं काय सांगणार.

आता वाचणं. टूलमध्ये साधारण तीन रस्ते असतात. ओबीडीचा रस्ता, ज्यात बऱ्याच वेळा पूर्ण वाचता येत नाही, टूल नंबरावरून तयार फाइल आणून देतं, क्लोनिंगला ती उपयोगाची नाही. दुसरा बेंच किंवा सर्व्हिस मोड, झाकण न उघडता कपलरच्या पिनांवरूनच पूर्ण मेमरी वाचणारा, काही बॉश युनिटना यात जीपीटी नावाच्या दोन जास्तीच्या वायरी लागतात. तिसरा बूट मोड, झाकण उघडून बोर्डावरच्या पॉइंटला वायर टेकवायचा. तुमच्या इसीएमला बेंच मोड मिळत असेल तर तोच घ्या.

पूर्ण वाचा, मग सप्लाय काढून परत लावा आणि परत पूर्ण वाचा. प्रोग्रॅम फ्लॅशच्या दोन्ही फाइली बाइट-बाइट जुळल्या पाहिजेत. दुसऱ्या मेमरीत, म्हणजे डी-फ्लॅश किंवा ईप्रॉममध्ये, मधे इसीएमने काही लिहिलं असेल तर थोडे बाइट बदललेले दिसतील, ते चालतं. साइज बघा. आतला प्रोसेसर ट्रायकोर टीसी१७६७ असेल तर प्रोग्रॅम फ्लॅश २ एमबी आणि डी-फ्लॅश ६४ केबी, टीसी१७९७ असेल तर प्रोग्रॅम फ्लॅश ४ एमबी. बाहेरची ९५३२० ईप्रॉम असेल तर ४०९६ बाइट, ९५६४० असेल तर ८१९२. हेक्स एडिटरमध्ये उघडा, सगळीकडे एफएफ किंवा सगळीकडे शून्य नाही ना, तोच तुकडा परत परत येत नाही ना. मग गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर शोधा. तो फाइलमध्ये सरळ वाचता आला की जीव भांड्यात पडतो. नाही सापडला तर लगेच निष्कर्ष काढू नका, काही ठिकाणी तो पॅक करून ठेवलेला असतो. टूलने प्रोसेसरचा पासवर्ड काढून दिला असेल तर तोही फाइलबरोबर जपा, पुढे बूट मोडची वेळ आली तर तोच लागतो.

तुमच्या बाबतीत पाणी गेलेला इसीएम आधी वाचायचा, आजच, तो अजून चालतोय तोवर. त्यात जे आहे ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही: इमोबिलायझरची जोडी, चेसिस नंबर, चारही इंजेक्टरचे करेक्शन कोड, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याची साठलेली काजळी किती याचा हिशोब. मग जुना आणलेला इसीएम, त्याचाही पूर्ण बॅकअप घ्यायचा. "त्यातलं काय कामाचं आहे" असं म्हणून हा बॅकअप सोडणारे बघितलेत, आणि चुकीचं हार्डवेअर निघालं की परत मूळ जागी जायचा रस्ताच उरत नाही. दोन्ही लेबलांचे फोटो काढा, हार्डवेअर नंबर आकड्याला आकडा जुळला पाहिजे. सॉफ्टवेअर नंबर वेगळा असला तर पूर्ण क्लोनमध्ये तो तसाही बदलणार आहे.

लिहिताना पूर्ण प्रोग्रॅम फ्लॅश आणि डी-फ्लॅश/ईप्रॉम, दोन्ही त्याच बेंच मोडने. एकच लिहिलं तर इमोबिलायझर जुळणार नाही, कारण अर्धी ओळख एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे असू शकते. फाइलमध्ये तुम्ही काहीच बदलत नाही आहात त्यामुळे चेकसमला (डेटा बरोबर आहे का हे तपासायच्या आकड्याला) हात लावायची गरज नाही, टूलने "करेक्ट करू का" विचारलं तर नाही म्हणा, जसंच्या तसं पाहिजे. ट्रायकोरमध्ये एक ओटीपी भाग असतो, एकदा लिहिला की बदलत नाही, चांगलं टूल तो स्वतःच सोडून देतं. लिहून झालं की परत वाचा आणि जुळवा.

मधे एरर आली तर सप्लाय काढायची घाई नको. यूडीएसवर (डायग्नोसिसच्या ठरलेल्या भाषेवर) चालणारं काम असेल तर एररचा आकडा वाचा. ७८ म्हणजे थांबा, अजून करतोय. ३३ म्हणजे सिक्युरिटी उघडलेली नाही, ३५ की चुकली, ३६ आणि ३७ म्हणजे प्रयत्न संपले, आता ठरावीक वेळ थांबा, आणि ती वेळ बऱ्याच वेळा सप्लाय चालू ठेवूनच मोजली जाते. २२ म्हणजे अट पूर्ण नाही, माझ्या अनुभवात यात व्होल्टेज कमी हे कारण फार वेळा निघतं. लिखाणच अर्धवट तुटलं असेल तर सप्लाय तसाच ठेवून टूलचा रिकव्हरी पर्याय आधी बघा.

झाकण उघडायची वेळ कधी येते? बेंच मोड त्या युनिटला नसेल तर, किंवा आत पाणी दिसतंय आणि बोर्ड साफ करायचाच आहे तर. तेव्हाही आधी बंद झाकणाने वाचून होतंय का बघा. झाकण सिलिकॉनने चिकटवलेलं असतं, थोडं गरम करून कडेकडेने सोडवायचं, पाती आत खोल गेली तर बारीक पार्ट उडतात. आणि डिझेलमध्ये इंजेक्टर उघडायला आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं, सोलेनॉइड इंजेक्टरना ६५ व्होल्टच्या आसपास, पिएझोला १०० च्या वर. सप्लाय काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहतं. मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून शून्याजवळ आलेलं बघा, मगच बोट. हाताला अँटीस्टॅटिक पट्टा असू द्या.

क्लोन म्हणजे दुसऱ्या एका इसीएमला या गाडीची ओळख देणं, म्हणून गाडीचे कागद आणि मालक समोर असल्याशिवाय मी हे करत नाही, ओळखीतला असला तरी नाही. आणि फाइल उघडलीच आहे तर डीपीएफ बंद करा, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करा असं कुणी म्हणालं तर मी तेही करत नाही, मागे येणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो.

गाडीत बसवताना चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, कपलर लॉकपर्यंत पूर्ण बसवायचा. हार्नेसच्या बाजूचे टर्मिनल बघून घ्या, पाणी इसीएममध्ये बहुतेक वेळा वायरीतूनच उतरत येतं, आणि हिरवी बुरशी तिथे तशीच राहिली तर नवा इसीएमही त्याच वाटेने जाईल. चालू झाल्यावर कोड पुसा, इंजेक्टरचे कोड वाचून इंजेक्टरवर छापलेल्याशी जुळवा.

तर आज एवढंच करा: टूल बाजूला ठेवा, रिले लावा, ८७ द्या, १ अँपिअर लिमिटवर चालू करा. करंट किती आला, ५ व्होल्टच्या पिनवर किती आला, आणि १५ काढल्यावर किती सेकंदांनी रिले सुटला, हे तीन आकडे आणि लेबलवरचा पूर्ण हार्डवेअर नंबर सांगा, पुढचं त्यावरून बघू.